अग्निबाणाला जुंपलेली गाडी

अपोलो-११ चंद्राकडे झेपावलं त्याच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, फ्लॉरिडातल्या अवकाश केंद्राजवळच्या एका मोकळ्या मैदानात दोन माणसं समोरासमोर आली. एक होते रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनॅथी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांच्या संघटनेची धुरा यांच्याकडे आली होती. दुसरे होते नासाचे प्रमुख थॉमस पेन. आभाळ भरून आलं होतं, बारीक पाऊस पडत होता. अ‍ॅबरनॅथींच्या पाठीशी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांचा जथा होता आणि जथ्याबरोबर खेचरं जुंपलेल्या लाकडी गाड्या होत्या. उड्डाणतळावर ३६३ फूट उंचीचा सॅटर्न-५ उभा होता.

अ‍ॅबरनॅथींचं म्हणणं सरळ होतं. या देशात दर पाच माणसांतल्या एकाला पुरेसं अन्न, धड कपडे, निवारा किंवा औषधपाणी मिळत नाही, मग एवढा पैसा चंद्रावर कशासाठी? पेन यांनी हा प्रश्न उडवून लावला नाही. उद्या ते बटण न दाबल्याने गरिबी सुटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असं ते म्हणाले. माणसांच्या प्रश्नांच्या तुलनेत नासाचं तंत्रज्ञान म्हणजे पोरखेळ आहे, अशी कबुलीही त्यांनी दिली. मग त्यांनी विनंती केली की तुमच्या गाड्या आमच्या अग्निबाणाला जुंपा. देश ठरवलं तर काय करू शकतो याचा हा दाखला आहे, तो पुढे करून बाकीच्या प्रश्नांसाठीही तसाच निर्धार मागा. अ‍ॅबरनॅथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना करण्याचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी पाहुण्यांच्या जागेतून उड्डाण पाहिलं.

अवकाशविज्ञानाबद्दलच्या सार्वजनिक वादांत इतका सभ्य आणि इतका अपुरा राहिलेला संवाद दुसरा सापडणं कठीण. दोघांचंही बरोबर होतं. पेन म्हणाले ते खरंच आहे, कारण एका खात्यातला वाचवलेला पैसा आपोआप गरिबाच्या ताटात जात नाही. अपोलो-१८ ते २० या मोहिमा पुढे रद्द झाल्या, म्हणून अमेरिकेतली भूक कमी झाली नाही. पण गाडी अग्निबाणाला जुंपायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते कोणी करायचं आणि दोर कुठे बांधायचा, हे पेन यांनी सांगितलं नाही.

आज अपोलोकडे साऱ्या अमेरिकेचं एकमुखी स्वप्न म्हणून पाहिलं जातं. त्या काळचं चित्र मात्र वेगळं होतं. १९६६ च्या सुमारास अमेरिकी केंद्रीय खर्चातले चार टक्क्यांहून अधिक पैसे नासाकडे जात होते. साठच्या दशकातल्या बहुतेक जनमत चाचण्यांत हा खर्च योग्य नाही असं म्हणणारे जास्त होते. बहुमताचं पारडं मोहिमेच्या बाजूने झुकलं ते चंद्रावर पाऊल पडलं त्या दिवसांतच. समाजशास्त्रज्ञ अमिताई एट्झिओनी यांनी तर १९६४ मध्येच या खर्चाविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं होतं.

त्या काळात दिलं गेलेलं सर्वांत गाजलेलं उत्तर एका पत्रात आहे. झांबियात सेवाकार्य करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा यांनी नासाच्या मार्शल केंद्रातले शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्टुलिंगर यांना विचारलं होतं की पृथ्वीवर मुलं उपाशी मरत असताना मंगळाच्या मोहिमांसाठी अब्जावधी डॉलर मागण्याचा विचार तरी तुम्ही कसा करता? ६ मे १९७० रोजी श्टुलिंगर यांनी सविस्तर उत्तर लिहिलं. सोबत चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचं छायाचित्र जोडलं. पत्रात त्यांनी चारशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतल्या एका उमरावाची गोष्ट सांगितली आहे. हा उमराव गोरगरिबांना हात सैल सोडून मदत करी. गावातला एक विक्षिप्त माणूस काच घासून भिंगं बनवायचा, उमरावाने त्यालाही आश्रय दिला. साथीने लोक मरत असताना हा नसता खर्च कशाला, म्हणून गावकरी चिडले. पण त्याच खटाटोपातून पुढे सूक्ष्मदर्शक आला आणि रोगांचं मूळ शोधायला त्याचाच उपयोग झाला.

पत्र सुंदर आहे, त्यातला कळवळाही खरा आहे. तरीही हा युक्तिवाद पुरेसा नाही. गोष्ट सांगणाऱ्याला तिचा शेवट आधीच ठाऊक असतो. ज्या शंभर भिंगवाल्यांच्या हातून काहीच निघालं नाही, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. शिवाय उद्या उपयोग होईल या एकाच आधारावर कोणत्याही खर्चाचं समर्थन करता येतं, रणगाड्यांचंसुद्धा. सिस्टर जुकुंडांच्या परिसरातल्या मुलाला त्या भिंगाचा लाभ कधी आणि कोणाच्या हातून मिळणार, हा प्रश्न उरतोच.

याच प्रश्नाला एका गरीब देशाने आदल्याच वर्षी वेगळ्या वाटेने हात घातला होता. अपोलो-११ च्या उड्डाणानंतर बरोबर तीस दिवसांनी, १५ ऑगस्ट १९६९ रोजी, इस्रोची स्थापना झाली. सप्टेंबरमध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाने नासाशी एक करार केला. नासाचा एक उपग्रह वर्षभर उसना घेऊन भारतातल्या खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवायची, असा तो बेत होता. मुंबई-दिल्लीकडे तो रोख नव्हताच, जिथे रस्ता आणि वीजही कशीबशी पोचली होती अशी गावं समोर होती.

या बेतामागे विक्रम साराभाई होते. भारतात अवकाश संशोधनाची सुरुवात झाली ती मात्र शुद्ध विज्ञानापासून, गावाच्या विकासाचं नाव त्यात नव्हतं. केरळातल्या थुंबा या मच्छीमार वस्तीवरून पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त जातं. तिथे जमिनीपासून साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर दिवसा एक जोरदार विद्युतप्रवाह वाहतो. फुगे तेवढं वर जाऊ शकत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. मग मोजमापाला एकच साधन उरतं, वर जाऊन काही मिनिटांत परत कोसळणारा छोटा अग्निबाण. ही जागा हुडकणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. किनाऱ्यावर मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं आणि भोवती कोळ्यांची घरं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या भाविकांशी बोलून जागा द्यायला संमती दिली. वस्ती दुसरीकडे हलली, चर्चच्या इमारतीत कचेरी आणि प्रयोगशाळा थाटली गेली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण सुटला. बाण अमेरिकेचा होता, त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं होतं. संध्याकाळच्या आभाळात त्या वाफेचा नारिंगी ढग पसरलेला लोकांनी पाहिला. ज्यांनी घरं सोडली त्यांच्या त्यागाचा उल्लेख चर्चच्या गोष्टीत येतो, पण ओझरता येतो. खरं तर गोष्टीचा गाभा तोच आहे.

गरीब देशाला हे थेर हवेत कशाला, असं साराभाईंना देशात आणि देशाबाहेर वारंवार ऐकावं लागे. त्यांची भूमिका ठाम होती. चंद्र, ग्रह किंवा माणसाला अंतराळात पाठवणं यांत श्रीमंत देशांशी शर्यत लावण्याची आपली इच्छा नाही, पण माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये. या उत्तराचं मोल असं की त्यात प्रश्न विचारणाऱ्याला मूर्ख ठरवलेलं नाही. आक्षेपच आराखड्यात बसवला आहे. अग्निबाण कोणासाठी, असं विचारलंत ना? मग कोणासाठी ते आधी ठरवू आणि त्यावरून काय बांधायचं ते ठरवू, असा हा क्रम होता. साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी गेले. त्यांच्या बेताचा प्रयोग त्यांना पाहता आला नाही.

हा प्रयोग ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं बरोबर वर्षभर तो चालला. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओडिशा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं त्यात होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण प्रयोगाची सूत्रं हलवणाऱ्यांत चिटणीसांचा वाटा मोठा होता. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक तेव्हा यशपाल होते. एटीएस-६ हा उपग्रह नासाने पूर्व आफ्रिकेवर आणून ठेवला. त्याची अँटेना अवकाशात उघडल्यावर तीस फूट रुंद व्हायची, त्यामुळे खालच्या गावात मोठा खर्चीक संच लागत नसे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात दहा फुटी तबकडी उभी राहायची, आणि ती असायची कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. दूरचित्रवाणी संच हैदराबादच्या ईसीआयएलने बनवले होते. अशीच एक तबकडी इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोत लेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या घरी नेऊन बसवली. भूस्थिर उपग्रहांवरून संदेशवहन करता येईल ही कल्पना त्यांनी १९४५ मध्येच मांडली होती.

सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम असायचे. हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषा होत्या. उपग्रहाकडे एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवायची सोय होती. त्यामुळे आंध्र आणि कर्नाटकातली गावं एकाच वेळी एकच चित्र पाहायची, एकीकडे तेलुगू ऐकू यायची, दुसरीकडे कन्नड. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, विज्ञानाचे सोपे प्रयोग हे विषय होते. सुट्टीच्या काळात दूरचित्रवाणी आणि रेडिओवरून सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. संचापुढे जमणाऱ्यांत वर्तमानपत्र कधी न वाचलेली, सिनेमा कधी न पाहिलेली माणसं मोठ्या संख्येने होती.

या प्रयोगाची सर्वांत मोलाची बाजू मात्र आता जवळजवळ विसरली गेली आहे. तो चालू असतानाच त्याचं मोजमाप करायला समाजशास्त्रज्ञ नेमले होते. निवडक गावांत मानववंशशास्त्रज्ञ वर्षभराहून अधिक काळ मुक्काम करून राहिले. कोण येतं, कोण लवकर उठून जातं, कशावर चर्चा होते, बायकांना बसायला जागा मिळते का, याच्या त्यांनी नोंदी केल्या. निष्कर्ष संमिश्र आले आणि ते तसेच मांडले गेले. आरोग्य आणि शेतीबद्दलची काही माहिती वाढली होती, निरक्षर प्रेक्षकांना झालेला लाभ लक्षणीय होता. पण शाळेतली पटसंख्या किंवा गळती यांत विशेष फरक पडला नव्हता. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पाने स्वतःविषयी असा हिशेब मांडणं ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. साइट सुरू झाला तेव्हा आणीबाणी लागून पाच आठवडे झाले होते. आकाशातून गावाकडे येणारा आवाज सरकारी होता, गावाकडून वर काही जात नव्हतं. या उणिवेवर गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात उतारा शोधला गेला. पिज इथे एक किलोवॅटचा छोटा प्रक्षेपक होता. त्यावरून मजुरी, सावकारी, अस्पृश्यता अशा विषयांवर तिथल्याच बोलीत, तिथल्याच माणसांना घेऊन केलेले कार्यक्रम दाखवले जात. या उपक्रमाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढे १९८५ मध्ये पिजचा प्रक्षेपक बंद करून यंत्रणा मद्रासला न्यायचं ठरलं, तेव्हा लोकांनी विरोध केला, पण तो टिकला नाही. तोवर १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली होती, आणि १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी मुळे ती देशभर पसरत चालली होती. उपग्रह आता आपला होता, खेड्यांपर्यंत चित्रही पोचत होतं. पडद्यावर मात्र खेडं दिसेनासं झालं आणि जाहिराती, मालिका आल्या. साराभाईंच्या आराखड्यातलं अवघड वाटणारं काम अभियंत्यांनी पार पाडलं होतं. सोपं वाटणारं काम प्रशासनाच्या आणि राजकारणाच्या हातात होतं, ते तिथेच अडलं.

इन्सॅटच्या दुसऱ्या कामाचं, म्हणजे हवामानावर नजर ठेवण्याचं, फळ किनाऱ्यावर दिसलं. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आदळलं आणि सुमारे दहा हजार माणसं दगावली. वादळ येतंय हे उपग्रहाच्या चित्रांत तेव्हाही दिसत होतं. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपालपूरजवळ फायलिन आलं, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्याही खाली राहिला. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह आणि अंदाजाची गणितं सुधारली, हे खरंच. पण त्याच काळात ओडिशाने किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवकांची पथकं तयार केली, भोंगे लावून सरावही घेतले. उपग्रहावर खर्च करावा की निवाऱ्यावर, हा वाद या उदाहरणापुढे निरर्थक ठरतो. १९९९ मध्ये एक होतं आणि दुसरं नव्हतं, त्याची किंमत काय पडली ते सगळ्यांनी पाहिलं.

फायलिननंतर महिना उलटायच्या आत, ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान निघालं. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. निम्म्या घरांत शौचालय नसलेल्या देशाने मंगळावर कशाला जावं, हा जुना प्रश्न पुन्हा वर आला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी तो कडक शब्दांत विचारला. इस्रोचे माजी अध्यक्ष जी. माधवन नायर यांनी वेगळ्या बाजूने टीका केली. त्यांच्या मते जेमतेम पंधरा किलो वजनाच्या उपकरणांतून विज्ञानाच्या हाती फारसं लागणार नव्हतं. यातला कोणताच आक्षेप देशद्रोहाचा नव्हता. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यान मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि चार दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक व्यंगचित्र छापून आलं. श्रीमंत देशांच्या अवकाश मंडळाच्या दारावर गाय घेऊन आलेला एक भारतीय शेतकरी टकटक करतो आहे, असं ते चित्र होतं. संतापाची लाट उसळली, वृत्तपत्राला दिलगिरी व्यक्त करावी लागली. संताप योग्यच होता. पण त्या गदारोळात द्रेझ आणि नायर यांचे प्रश्न वाहून गेले. अपमानाला उत्तर देण्याच्या भरात देशाने हिशेबाला उत्तर देणं सोडून दिलं.

अशा चित्रांचा अर्थ लावताना घाई होते, याचा आणखी एक दाखला आहे. १९८१ मध्ये अ‍ॅपल हा भारतीय दळणवळण उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला असतानाचं छायाचित्र जगभर फिरलं. कोणाला त्यात दारिद्र्य दिसलं, कोणाला जिद्द. कारण तांत्रिक होतं. अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती, आणि ट्रकचं लोखंड जवळ असलं की मोजमापं बिघडत. लाकडी गाडीने ती अडचण सुटत होती.

गेल्या काही वर्षांत वादाचा विषयच बदलला आहे. उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती तिरुमलाच्या मंदिरात नेण्याची प्रथा आहे. २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या वेळी काही लेखकांनी आणि विवेकवादी कार्यकर्त्यांनी तिला आक्षेप घेतला. चंद्रावर यान उतरलं त्या जागेला ‘शिवशक्ती’ नाव दिलं गेलं, त्यावरही बाजू मांडल्या गेल्या. शास्त्रज्ञाने व्यक्ती म्हणून कुठे माथा टेकवावा हा त्याचा प्रश्न आहे. संस्थेने काय करावं हा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि घटनेच्या ५१-अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलेलं असताना तो विचारणाऱ्यांना गप्प करणं बरोबर नाही. तरीही खंत वाटते ती निराळ्या कारणाने. वाहिन्यांवरच्या चर्चेत श्रद्धा आणि अभिमान यांना तासन् तास मिळतात, पण यानातली उपकरणं काय मोजणार आहेत यावर पाच मिनिटंही बोललं जात नाही.

इस्रोचा वार्षिक खर्च आज तेरा हजार कोटी रुपयांच्या आसपास, म्हणजे केंद्राच्या अंदाजपत्रकाच्या पाव टक्क्याच्या जवळपास आहे. त्यामुळे उपाशी पोटाचा घास काढून अग्निबाण उडतो, हे म्हणणं आकड्यांवर टिकत नाही. पण लाभ पोचतो कोणाला, हा प्रश्न जिवंत आहे, आणि तो कोकणात रोज पाहायला मिळतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था ओशनसॅटसारख्या उपग्रहांकडून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांच्या नोंदी घेते. थंड आणि गरम पाण्याच्या सीमेवर सूक्ष्म वनस्पती दाटतात, त्यांच्या मागे मासळी येते. त्यावरून मासळी कुठे सापडेल याचे सल्ले किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना त्यांच्या भाषेत मिळतात. ढगाळ हवेत उपग्रहाला पाणी दिसत नाही, तेव्हा हे सल्ले बंद पडतात. एरवी सल्ला सगळ्यांसाठी खुला असतो. पण सांगितलेली जागा किनाऱ्यापासून लांब असेल, तर तिथे आधी पोचते ती मोठ्या इंजिनाची नौका. पर्ससीन नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातलं भांडण रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनं आहे, आकाशातून आलेली माहिती त्या भांडणाच्या मधोमध उतरते.

गगनयान कार्यक्रमासाठी आता २०,१९३ कोटी रुपये मंजूर आहेत. माणसाला अंतराळात पाठवण्याची शर्यत आपली नाही असं साराभाई म्हणाले होते. अर्ध्या शतकानंतर देशाने वेगळा निर्णय घेतला, आणि तो त्याचा हक्क आहे. मात्र त्यासोबत साइटच्या वेळी झाली तशी पाहणीही व्हायला हवी. प्रशिक्षणात, कारखान्यांत आणि विद्यापीठांत या पैशाने काय बदललं हे पाहायला इस्रोबाहेरचे अभ्यासक पहिल्या दिवसापासून नेमावेत, आणि पटसंख्येचा आकडा हलला नाही हे जसं १९७६ नंतर लिहिलं गेलं, तसंच त्यांचं म्हणणंही छापून लोकांपुढे ठेवावं.